बैलानं मारलं न्हाई

नाथाजीला मी पैल्यांदा नीट बघितलं, तवा त्यो एका पोराचं डोकं माझ्या खानावळीच्या भिताडावर आपटत हुता.

आता मी बी काय गरीब गाय न्हाई. सांगलीत स्टँडच्या मागं एकट्या रांडमुंड बाईनं खानावळ चालवायची म्हंजी जिभेला आनि हाताला धार लागतीच. हळदीच्या पेठंतला हमाल असू दे न्हाईतर मोटारीचा क्लीनर, लीलाबाईच्या पाटावर बसला की मान खाली घालून जेवायचा. त्या दिवशी मी चुलीवरचं तापलेलं उलथनं उचललं आनि नाथाजीच्या पाठीत हानलं. सदरा जळाला, कातडीचा चर्र आवाज आला. त्येनं वळून बी बघितलं न्हाई. दुसरं हानलं तवा कुठं त्या पोराची मान सुटली. भिताडाला रगात, आमटीच्या पातेल्यात रगात. समदी आमटी मी गटारीत वतली आनि त्या रागात त्येला आनि एक ठेवून दिली.

"मुडद्या, हितं जेवायला येतूस का मुडदं पाडायला?"

तसा त्यो मटकन खाली बसला आनि रडाय लागला. मिलट्रीतनं आलेला, झुपकेदार मिशाचा, अर्धं पाऊल तुटलेला बापय गडी माझ्या चुलीम्होरं हुंदकं देतूय म्हनल्यावर मी उलथनं खाली ठिवलं.

झालं हुतं येवढंच. दोघं एकाच टेक्निकल कॉलेजात शिकत हुते. जेवता जेवता त्या पोरानं चेष्टा केली, "तुमची साताऱ्याकडची मानसं लय हुशार बाबा. कुऱ्हाडीनं मानूस तोडायचा आनि बैलानं मारलं म्हनून सांगायचं." त्या लेकराला काय ठावं, नाथाजीचा बाप तसाच गेलाय म्हनून.

ती गोष्ट मला नाथाजीनं सांगितली न्हाई. त्येची आय बनुबाई अधनंमधनं भाकरीचं गाठुडं घिऊन पोराला बघाय यायची, तिनं सांगितली. उंच, वाळकी बाई. उसाच्या पाल्यानं कापून कापून हातावर चिरा पडलेल्या. बोलताना डोळ्याला डोळा लावायची, आपल्यालाच खाली बघाय लागायचं.

गाव कराडच्या अलीकडं, नदीच्या काठाला. नाथाजीचा बाप केरबा आनि त्येचा चुलतभाऊ आप्पासो, दोघांची रानं एकमेकाला लागून. पाटाच्या पान्याची पाळी केरबाची, आनि आप्पासोनं बांध फोडून पानी आपल्या उसात घेतलं. केरबा फोडलेलं बुजवाय गेला. खाली वाकून चिखलाचा गोळा उचलतोय, तवर आप्पासोची कुऱ्हाड मानंत बसली. दुसरी खांद्यात. मानूस पालथा पडल्यावर तिसरी. बनुबाई भाकरी घिऊन बांधावरनं येत हुती, तिनं समदं बघितलं. धावत जाऊन आप्पासोच्या पायाला चावली, तर त्येनं तिच्या पोटात लाथ घातली आनि पाटात लोटली. नवऱ्याच्या रगताचं पानी तिच्या नाकातोंडात गेलं. "खारट हुतं गं लीलाबाई," ती मला म्हनाली. पीठ मळत हुते मी. परात तशीच टाकून बाहीर गेले.

सांजच्याला भावकी बसली. पोलीस पाटील आप्पासोचा मेव्हना. एक गेला त्यो गेला, आता दुसऱ्याला फासावर चढवून दोन घरं कशाला बुडवायची, आसं ठरलं. केरबाला बैलानं शिंगावर घेतला, आसं समद्यांनी एका तोंडानं सांगितलं आनि तालुक्याच्या दवाखान्यात तसंच लिवलं गेलं. बनुबाई वरडत हुती, तर म्हनले, दुक्कानं डोकं फिरलंय बाईचं.

आता खोटं सांगितलं म्हनल्यावर ते निभवाय तर पायजे. मारका बैल गोठ्यात ठिवून कसं चालंल? केरबाचा खिलारी बैल, लेकरागत गरीब. ल्हानगा नाथाजी त्येच्या पोटाला टेकून झोपायचा. त्या बैलाला भावकीनं कासरा लावला, भर गावातनं वडत न्हेला आनि बाजारात कसायाला दिला. बनुबाई मला म्हनाली, "मालक गेला तवा मी रडले. पन बैल न्हेला तवा मी गावाला दगडं मारली. पाटलाचं कपाळ फुटलं. आजून खूण हाय त्येच्या कपाळावर."

केरबाचा रगताचा सदरा तिनं धुतला न्हाई. आड्याला टांगून ठिवला. पोराला येवढंच म्हनायची, "मोठा हो."

पोरगा मोठा झाला. मिलट्रीत गेला. जखमी जवानांना उचलून आननाऱ्या गाडीवर हुता. एकात्तरच्या लढाईत मानसं उचलता उचलता सुरुंगावर पाय पडला आनि अर्धं पाऊल गेलं. घरी आला तसा आप्पासोनं गाव सोडलं आनि सांगलीत सूतगिरणीच्या फाटकावर राखनदार म्हनून लागला. मागनं नाथाजी बी सांगलीला निघाला. गाव म्हनलं, झालं, आता आप्पासोचा मुडदा पडतोय. बनुबाईनं लेकाच्या कपाळाला गुलाल लावला.

आनि ह्यो बाबा सांगलीत येऊन कॉलेजात बसला!

शिकत काय हुता म्हनाल, तर वैद्यकीय विमा संकेतांकन. नाव येवढं लांब की माझी जीभ अडकायची. गिरणीतल्या, कारखान्यातल्या कामगारांचा इमा असतोय, त्येंचा निराळा दवाखाना असतोय. तितं येनाऱ्या परत्येक रोगाला, परत्येक जखमेला एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातला आकडा घालायचा. आकड्यावरनं इमा द्यायचा का न्हाई ते ठरतं, आनि मागनं त्यो आकडा मुंबईला, दिल्लीला जातोय. कोन कशानं मेलं, कोन कशानं मोडलं, समदं सरकारला कळतं. जखमेला दोन आकडं. एक, काय मोडलं. दुसरा, कशानं मोडलं. नाथाजीचा जीव त्या दुसऱ्या आकड्यात.

"मिलट्रीच्या दवाखान्यात एका कारकुनानं माझ्या पायाला आकडा घातला, मावशी," त्यो मला म्हनला. "सुरुंगाला निराळा, गोळीला निराळा, घोड्यानं लाथ मारली त्येला निराळा. तवा डोक्यात वीज पडली. आमच्या बाबाच्या कागदावर बी कुनीतरी आसाच आकडा घातला आसंल. बैलाचा."

जनावरानं मारलं, नऊशे सहा. दुसऱ्या मानसानं धारेच्या हत्यारानं तोडलं, नऊशे सहासष्ट. ताट धुताना, दाढी करताना, गडी ह्येच पुटपुटायचा. ऐकून ऐकून मला बी पाठ झालं. एकदा एका दारुड्यानं माझा पदर वडला, मी त्येच्या टाळक्यात पळी हानली, तर नाथाजी भाकरी मोडत म्हनतोय, "ह्येला नऊशे साठ, मावशी. भांडन आनि मारामारी." हसून हसून माझं पोट दुखलं.

पन दुपारच्याला त्या कामगारांच्या दवाखान्यातनं काम शिकून आला की हसनं संपायचं. ताटाम्होरं नुसता बसायचा. यंत्रात केस गुतून डोक्याचं कातडं सोललेली बाई त्येनं बघितली हुती. नवऱ्यानं बायकूचं दात पाडलं, आनि कागदावर काय, तर उंबऱ्याला ठेचकाळली. मुकादमानं एकाचा हात पिळून मोडला, कागदावर, जिन्यावरनं घसरला. समदी गावं, समदी घरं एकाच शाळंत शिकल्यागत! नाथाजी खाटंजवळ स्टूल घिऊन बसायचा आनि पुन्ना इचारायचा, "खरं सांगा, कशानं झालं?" कोन सांगायचं, कोन शिव्या घालायचं. एका बायकूनं खरं सांगितलं, तर तिच्या नवऱ्यानं फाटकाभाईर धरून नाथाजीला चेपला. वठ फाटला, दोन दात हातात घिऊन माझ्या दारात आला आनि हसत हुता येडं.

"खरा आकडा पडला मावशी आज," म्हनला.

पोरगा आप्पासोला सोडून आकडं शिकतूय, ह्ये बनुबाईला कळलं तवा ती जेवत हुती. ताट सरकवून ती उठली आनि लेकाच्या तोंडावर थुकली. माझ्या खानावळीत, चार मानसांत.

"आकडं? आकडं लिवून त्येचं मुंडकं पडतंय व्हय रं?"

नाथाजीनं तोंड पुसलं. "आये, मी त्येला मारला तरी कागदावर पुन्ना कोनतरी बैलच लिवंल. त्यापरीस खरं लिवनारा एक तरी मानूस असू दे की."

"तुझ्या बापानं उसाला पानी दिलं. तू शाई दे," म्हनाली आनि गाठुडं उचलून चालाय लागली. मला राग आला, तिचा बी आला आनि त्येचा बी. पन खरं सांगते, त्या दिवशी मला तीच बराबर वाटली. मानूस मारून दुसरा उजळ माथ्यानं भाकरी खातोय, आनि हितं पोरगा पुस्तक पाठ करतोय! मी त्येला दोन दिस बिनतुपाची आमटी वाढली.

परीक्षा जवळ आली हुती. उनाचा कडाका हुता. दवाखान्यातल्या मानसांना मी दुपारचं डबं पोचवायची. त्या दुपारी डबं घिऊन पायऱ्या चढते, तवर गिरणीच्या मानसांनी एका गड्याला हातगाडीवरनं आत आनला. उजवा हात कोपराजवळ नुसता कातड्याला लोंबत हुता. खांद्याचं हाड उघडं पडलेलं. एक कान न्हवताच. हातगाडीच्या फळ्यातनं रगात गळत हुतं आनि मागं धुळीत वळ उठत हुती. डबा माझ्या हातातनं पडला. नाथाजी म्होरं आला, त्येनं तोंड बघितलं आनि जागच्या जागी दगड झाला.

आप्पासो हुता.

डाक्टरांनी रगात थांबवलं, हात तोडावा लागला. सांजच्याला आप्पासो सुदीवर आला. डाक्टर तरणा, भला मानूस. त्येला ह्या दोघांचं नातं ठावं न्हवतं. त्यो नाथाजीला म्हनला, "हा उसाच्या गाडीवरून पडलो, चाक अंगावरून गेलं, असंच सांगतोय. चाकाची जखम अशी नसते. पण पाहणारा कुणी पुढं येत नाही, आणि हा अडून बसलाय. तू खाटेपाशी बसून पुन्हा विचार. जे ठरेल तो आकडा घाल, मी सही करतो."

नाथाजीनं स्टूल घेतलं आनि बापाच्या मारेकऱ्याच्या उशाला बसला. मी दारात हुते. हलले न्हाई. मला वाटलं, आता ह्यो गळा दाबतोय.

"कशानं झालं?" नाथाजीनं इचारलं. दुसऱ्यांना इचारायचा तसंच.

आप्पासोनं डोळं उघडलं. "तुझ्या आयनं," म्हनला. "फाटकापाशी भाकरी खात बसलो हुतो. मागनं आली. उसाच्या कोयत्यानं. नाव घिऊन हानत हुती, केरबाचं."

"मग गाडी का सांगतूस?"

"म्हातारीनं तोडला म्हनून सांगू व्हय गावात?" त्येला धाप लागली. "आनि आईक लेका. मी बैल म्हनलं हुतं, आता गाडी म्हनतूय. फिटलं. भावकीचं भावकीत ऱ्हाऊ दे. तुझी आय बी सुटंल. गाडी लिव."

नाथाजी कागद घिऊन व्हरांड्यात आला. जलमभर ज्या खोट्याच्या नावानं त्यो दातखिळी बसंस्तवर रडला, तेच खोटं आता त्येच्या आयला वाचवत हुतं. खरं लिवलं की पोलीस, आनि पोलीस म्हंजी म्हातारी तुरुंगात.

"मावशी," म्हनला, "काय लिवू?"

"गाडी लिव!" मी त्येच्या दंडाला धरून गदागदा हालवलं. "आय हाय ती तुझी! तुझ्या इद्येला जाळायचंय का? लिव गाडी, मुकाट्यानं लिव!"

त्येनं व्हय म्हनून मान हालवली. भिताडाला कागद लावला, पेन टेकवला. आनि तेवढ्यात खालनं मानसं बाजूला सरली.

बनुबाई पायऱ्या चढत हुती. कोपरापतूर रगात वाळून काळं झालेलं. कोयता पदरात गुंडाळलेला, काखंत गाठुडं. दुपारपास्नं कुठं बसली हुती कुनास ठाऊक. चेहरा कसा, पेरनी उरकून घरी आल्यागत.

"मेला का?"

"न्हाई," नाथाजी म्हनला. "जगंल. आये, त्यो तुझं नाव घेत न्हाई. गाडीवरनं पडलो म्हनतूय."

आसं काय बदललं तिचं तोंड! कोयता मारताना बी नसंल झालं आसं. तिनं लेकाची गचांडी धरली आनि त्येला भिताडावर आदळला. एकदा, दोनदा. माझ्या खानावळीत त्येनं त्या पोराला आदळला हुता, अगदी तसा.

"गाडी? तुझ्या बापाला बैलानं मारला आनि ह्येला गाडीनं मारला? मग मानूस मानसाला कवाच मारत न्हाई व्हय रं हितं? मी मारलं! मी, केरबाच्या बायकूनं! वाकून भाकरी खात हुता, माझा मालक वाकला हुता तसाच, आनि मी मारलं! माझ्या तोंडातनं ते बी काढून घेता व्हय भाड्यानू?"

"आये, तुला न्हेतील गं. तुरुंगात न्हेतील."

"न्हेऊ देत. त्या मुक्या जनावराला दुसऱ्याच्या पापापायी न्हेलं. मला माझ्या नावानं न्हेतील." मग तिनं गचांडी सोडली आनि लेकाचा चुरगाळलेला सदरा हातानं सारखा केला. आवाज खाली आला. "तू खरं लिवाय शिकलास म्हनत हुतास न्हवं? मग लिव की बाळा."

त्येनं लिवलं. रडत लिवलं, पन लिवलं. मला वाचाय येत न्हाई, तरी त्येच्या हाताचं वळन बघून मला कळलं, नऊशे सहासष्ट. डाक्टरांनी सही केली, पोलीस आलं. बनुबाईनं कोयता आपल्या हातानं त्येंच्या म्होरं ठिवला. जाताना गाठुड्यातनं केरबाचा सदरा काढून माझ्या वट्यात टाकला.

"ह्यो आता धू गं," म्हनाली.

कृष्णेच्या घाटावर न्हेऊन दगडावर आपटून आपटून धुतला मी. डाग काय निघाला न्हाई. तरी पिळून, वाळवून, घडी घालून नाथाजीला दिला.

खटला चालला. आप्पासो कोर्टात एका हातानं शपथ घिऊन गाडीच म्हनत ऱ्हायला, आनि बनुबाई मधीच उठून "खोटं बोलतंय मुडदं, मी तोडलं" म्हनून वरडायची. न्यायाधीशानं दोनदा गप बसवली. कागद डाक्टरांचा हुता, आकडा नाथाजीचा हुता, आनि बाई सोताच कबूल. शिक्षा झाली. गावात भावकीनं नाथाजीचं घर वाळीत टाकलं. आयला धाडनारा म्हनून लोकं त्येच्या अंगावर थुकली, एकदा एस्टीतनं वडून काढून मारला बी. त्येनं मार खाल्ला आनि दुसऱ्याच दिवशी, आदल्या साली हुकलेल्या परीक्षंला बसला. पास झाला. त्याच दवाखान्यात चिकटला. आजून तितंच असतोय, खाटंजवळ स्टूल वडतोय आनि इचारतोय, "खरं सांगा, कशानं झालं?" त्येच्या डोळ्यात काय दिसतं कुनास ठावं, पन आता लोकं सांगत्यात.

म्हातारी म्हनून बनुबाईला जरा लौकर सोडली. एकोनऐंशीचा उनाळा हुता. नाथाजी तिला तुरुंगातनं थेट माझ्याकडं घिऊन आला. केस पांढरंफेक झालेलं, पन डोळं तेच. मी गरम भाकरी वाढली, वर तूप घातलं. तिनं हात म्होरं केला आनि मी बघतच ऱ्हायले. मनगटावर जुनं गोंदन हुतं, तुळस आनि इंचू, लगनाच्या येळचं. त्येच्या खाली नवं, हिरवंगार, कडा आजून उठलेल्या. तीन आकडं.

तुरुंगात एक गोंदनारीन हुती म्हनं. नाथाजी भेटाय गेला तवा बनुबाईनं त्येला हातावर आकडा लिवाय लावला, आनि त्यावरनं सुईनं गोंदून घेतला.

तिनं मनगट लेकाच्या म्होरं धरलं.

"ती बाई बी माझ्यागत अडानी हुती," म्हनाली. "नीट बघून सांग रं. मदला सा हाय न्हवं? तितं शून्य तर न्हाई न्हवं काढलं?"

नाथाजीनं तिचा हात दोनी हातात घेतला, उजेडाकडं धरला आनि लय वेळ बघत ऱ्हायला.

"सा हाय, आये," म्हनला. "बैल न्हाई."

मग ती जेवली. तूप संपलं तर आनि मागून घेतलं.